गंभीर गाठी

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या इंग्रजी मजकुरात लग्न नुसतं लागत नाही, ते 'सॉलेम्नाइझ' होतं. 'सॉलेम' म्हणजे गंभीर, एवढंच आपण शाळेत शिकलेलो. त्यामुळे हा शब्द वाचला की मला आपली मंगल कार्यालयं आठवतात. मंगलाष्टकं संपायच्या आतच निम्मा मांडव बुफेच्या रांगेत, मागून कोणीतरी नेम धरून नवरदेवाच्या मुंडावळ्यांवर अक्षता मारतंय, आणि गुरुजींच्या 'सावधान'ला सावध असतो तो एकटा फोटोग्राफर. कायद्याच्या लेखी मात्र गांभीर्य पार पडलेलं असतं.

मूळ लॅटिन 'सोलेम्निस' इतका सुतकी नव्हता. ठरलेल्या रीतीनं, विधिपूर्वक होणारं ते सोलेम्निस. त्यात सणसुद्धा आले. चेहरा लांब करायची अट नंतरची. संविधानाच्या उद्देशिकेतल्या 'सॉलेम्नली रिझॉल्व्ह्ड'चं मराठी ज्यानं 'संकल्पपूर्वक निर्धार करून' असं केलं, त्याला म्हणूनच दाद द्यावीशी वाटते. संकल्प म्हटला की हातावर पळीभर पाणी आलं, शके आलं, संवत्सराचं नाव आलं. आपण कुठे बसलोय आणि साल कोणतं, हे आधी सांगायचं आणि मग शब्द द्यायचा. म्हणजे पुढे 'मी कधी म्हणालो होतो?' म्हणायची सोय उरत नाही.

आता 'अलायन्स'. इंग्रजी पेपरांतल्या विवाहविषयक जाहिरातींत 'अलायन्स इन्व्हाइटेड' असं छापतात, तेव्हा दोन्हीकडची घोडदळं समोरासमोर येणार आहेत की काय असं वाटतं. (देण्याघेण्याच्या बैठकीत येतातही.) पण शब्द रास्त आहे. लॅटिन 'लिगारे' म्हणजे बांधणं. अलायन्स त्यातून आला, 'लीग'ही त्यातूनच, आणि क्रिकेटवाल्यांच्या गुडघ्यात नको तेव्हा दुखावतं ते लिगामेंटही त्याच घराण्यातलं.

ही लीग आणि ते सॉलेम एकाच कागदावर आले १६४३ साली. इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांचं युद्ध जुंपलं होतं. पार्लमेंटला फौज हवी होती, ती स्कॉटलंडकडे होती. इंग्रजांना साधा लष्करी करार पुरला असता; स्कॉट मंडळींना मात्र देवासमोरची धार्मिक प्रतिज्ञा हवी होती, इंग्लंडच्या चर्चनं आपली वाट धरावी म्हणून. मग दोघांचं समाधान करणारं नाव निघालं: 'सॉलेम लीग अँड कव्हेनंट'. लीग इंग्रजांसाठी, कव्हेनंट म्हणजे देवासमोरची प्रतिज्ञा स्कॉट मंडळींसाठी. तहात धर्मसुधारणा 'देवाच्या वचनानुसार' होईल असं एक कलम घातलं. त्या वचनाचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावायचा! असली मखलाशी आपल्याकडच्या जागावाटपातही सहज खपली असती.

फौज आली आणि १६४४ मध्ये मार्स्टन मूरला राजाची सेना हरली. पण १६४८ पर्यंत स्कॉटलंडची एक फौज त्याच राजाच्या बाजूनं इंग्लंडात उतरली होती. १६५० साली त्या राजाच्या मुलानं, म्हणजे दुसऱ्या चार्ल्सनं, स्कॉटलंडचा पाठिंबा मिळावा म्हणून याच प्रतिज्ञेवर सही केली. तो लंडनच्या गादीवर बसल्यावर, १६६१ मध्ये, पार्लमेंटच्या हुकमावरून ती फाशी देणाऱ्या जल्लादाच्या हातून जाळण्यात आली. माणसांना फाशी देणाऱ्याकडे कागद सोपवायचा, हेही कसं अगदी विधिपूर्वक.

कंपनी सरकारनं 'सब्सिडिअरी अलायन्स' आपल्याकडे आणला, तेव्हा मराठीनं मात्र संकल्प, गाठ, सोयरीक असलं काही त्याला चिकटू दिलं नाही. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत दुसऱ्या बाजीरावानं सही केली. किमान ६,००० पायदळ कंपनीचं, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख पेशव्यांचा, आणि इतर सत्तांशी बोलणी करायची तर आधी कंपनीला विचारायचं. इंग्रजी कागदात ती मैत्री होती. मराठीनं तिला नाव ठेवलं: तैनाती फौज.