दोन पिसांची फट

१५ जानेवारीला, वासी उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी, पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो माझ्या टेबलावर आला. वडोदऱ्यात पशुवैद्यक असलं की ते दोन दिवस गच्ची आणि उंधियो आपल्यासाठी नसतात. सकाळपासून मांज्याने कापलेली कबुतरं, बगळे, एक घार असं चालूच होतं. पण या खोक्यात पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दिसले आणि आम्ही सगळेच गप्प झालो. पट्टकादंब. हिमालय ओलांडून आलेला हंस डभोई रस्त्यावर झाडात अडकलेल्या दोरीत सापडला होता. नायलॉनची दोरी, जिच्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे.

डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला, उडताना पडद्यासारखी ताणली जाते ती कातडी चिरली होती. हाड शाबूत होतं, म्हणून टाके घालता आले. पण दोन मोठी पिसं बुडाशी कापली गेली होती, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. कापलेलं पीस वाढत नाही. त्याचं खुंट गळलं की मगच नवं येतं, आणि या हंसांची उडायची पिसं वर्षातून एकदाच, विणीनंतर उन्हाळ्यात, सगळी एकदम गळतात. म्हणजे ती फट बुजणार होती उत्तरेच्या एखाद्या तळ्याकाठी. मंगोलियात, तिबेटात की लडाखात, ते त्यालाच ठाऊक. लडाखातलं त्सो मोरिरी साडेचार हजार मीटरवर आहे, थंडीत गोठतं. तिथला उन्हाळा आखूड. बर्फ फुटण्याच्या सुमारास पोचलं नाही तर पिल्लांना पंख फुटेपर्यंत पुन्हा थंडी येते. म्हणून माझी मुदत त्या बर्फाने ठरवली होती: मार्चच्या मध्यापर्यंत.

जखम लवकर भरली. भीती होती ती पंख आखडण्याची. एक दिवसाआड त्याला टॉवेलमध्ये धरून पंख हळूहळू उघडायचा, मिटायचा. कडक जमिनीवर पायांना फोड येतात म्हणून खाली रबराची चटई, शेजारी पाण्याचं टब, आणि पिंजऱ्यावर सतत चादर. आमचा मदतनीस त्याला रजको, म्हणजे लसूणघास, घालताना लाडाने बोलायचा. मी त्याला थांबवलं. माणसाला न घाबरणारा हंस शेतात कुत्र्यालाही घाबरणार नाही, असं समजावलं. तरी दोन दिवस त्याचा चेहरा उतरलेला होता. मलाही ते सांगताना जड गेलं.

फेब्रुवारी सरताना त्याचं खाणं वाढलं. रात्री पिंजऱ्यात येरझाऱ्या सुरू झाल्या. दिवस मोठा होतोय हे चादरीखालीही त्याला कळत होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, वनखात्याची परवानगी हातात आल्यावर, पहाटे आम्ही वढवाण्याला निघालो. पन्नासेक किलोमीटर. सयाजीरावांच्या काळात, १९१० साली, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. वारकरी, थापटे असे पाणपक्षी अजून बरेच होते. पट्टकादंब पलीकडच्या उथळ पाण्यात, शंभराच्या आसपास.

हंसाला पिंजऱ्यात उडवून बघता येत नाही. दोन्ही पंख सारखे उघडतात एवढंच मी खात्रीने सांगू शकत होते. खोकं उघडलं. तो चालत पाण्यात गेला, पाणी प्यायला आणि तासभर पिसं साफ करत बसला. मी तासभर उभी होते.

मग थवा शेतांकडे उठला. तोही पाण्यावर धावला, उशिरा उचलला गेला, आणि डाव्या पंखात आभाळाची बारीक चीर स्वच्छ दिसली. दोनशे मीटरवर तो खाली बसला. मला वाटलं, आपण घाई केली. या पक्ष्यांची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झाली आहे. चढताना ते वाऱ्याच्या आधाराला थांबत नाहीत, बहुतेक रात्री किंवा पहाटे, हवा गार आणि दाट असताना, स्वतःच्या पंखांवरच चढतात. आणि माझा दोनशे मीटरवर बसला होता.

तलावावरचे गाईड काका म्हणाले, "बेन, एने बेसवा दो." बसू दे त्याला.

आम्ही बसू दिलं. दुपारी तो दोनदा उठला, दोनदा जवळच बसला. सूर्य कलताना थवा परत आला, तेव्हा तो त्यांच्या कडेला सरकला. एकाने मान लांबवून त्याला हुसकलं, दुसऱ्याने दुर्लक्ष केलं. अंधार पडताना सगळे परत शेतांकडे उठले. या वेळी तो मधोमध होता, आणि ती चीर मी गव्हाच्या शेतांवरून दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

पाच दिवसांनी काकांचा सकाळी फोन आला. रात्री बरेच हंस गेले होते, अठरा उरले होते. मी विचारलं, "डावा पंख?"

"दुर्बिणीतून दोनदा बघितलं, बेन. अठरांत तो नाही. काठानेही फिरून आलो."