वायडीएम-४ : बॉडी पावसाळ्यात, रंग दिवाळीनंतर

जूनच्या पहिल्या पावसात सुरू केलेलं वायडीएम-४ या मीटरगेज डिझेल इंजिनाचं माझं मॉडेल परवा रात्री पहिल्यांदा आपल्या चाकांवर चाललं. हँडरेल अजून लागायच्या आहेत, नंबर लिहायचा आहे, डिकोडर (इंजिनाला डिजिटल हुकूम समजावणारी चिप) डब्यातच पडून आहे. पण बॉडी उभी राहिली, रंग बसला, आणि या सहा महिन्यांत जे हाताला कळलं ते ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, एवढी डोळेफोड कशाला, तयार इंजिन मिळत नाही का? मिळतं. माझ्या कपाटात एक रेडीमेड ब्रॉडगेज डिझेल आहे आणि त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मोटरला फ्लायव्हील आहे, सगळ्या चाकांतून करंट घेतं, अगदी मुंगीच्या पावलांनी निघतं. फक्त ते एकदा समोरून बघा. एचओ या मॉडेलच्या मापाचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ मापात युरोपातला १४३५ मिलिमीटरचा गेज, दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६. त्याच मापात तो १९ मिलिमीटरच्या वर जायला हवा. जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरची तूट येते. बाजूनं कळत नाही, समोरून मात्र इंजिन पाय जुळवून उभं राहिल्यासारखं दिसतं. यात बनवणाऱ्याचा दोष नाही, जगभर रूळ तोच विकला जातो.

मला हवं होतं ते मीटरगेजचं. मी कुडचड्यात वाढलो, सावर्डे स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटं. मुरगावहून कॅसलरॉकला जाणारी ही लाईन १८८८ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झाली आणि नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेजच राहिली. मामांचं घर कुळ्याला. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे गेलो की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या घाट चढणाऱ्या इंजिनाचा आवाज यायचा. सहा सिलिंडरचं, अल्को या अमेरिकन कंपनीच्या बनावटीचं, चढाला लागलं की एकेक ठोका मोजता यायचा. माझ्या लेखी गोव्याची रेल्वे म्हणजे तो आवाज आणि ते इंजिन. ते मला कुठल्याच दुकानात मिळालं नाही, म्हणून बनवायला घेतलं.

सगळंच मात्र बनवलं नाही, आणि नवीन मंडळींना माझं सांगणं हेच आहे: खालचं विकत घ्या, वरचं बनवा. मीटरगेज १:८७ मध्ये साडेअकरा मिलिमीटर येतो. टीटी या एचओहून लहान मॉडेल-मापाचा रूळ १२ मिलिमीटरचा, कारण तो १:१२० मापातला १४३५ आहे. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, डोळ्याला लागत नाही. तेव्हा टीटी मापातल्या एका जुन्या जर्मन डिझेलची सहा आसांची चासी (मोटर आणि चाकांसकट खालचा सांगाडा) सेकंडहँड घेतली, तिची बॉडी काढून ठेवली आणि त्या चासीवर माझं इंजिन उभं केलं. बोगीतल्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकगाडीतल्या, चाकांमधलं अंतर थोडं चुकतं. ते मी चालवून घेतलं, कारण मोटर-गिअरची तशी जुळणी माझ्या टेबलावर झाली नसती. जे सहज चालायला हवं त्याला पैसे द्यावेत. इंजिनाचा चेहरा मात्र आपल्या हातचा असावा. हूडच्या, म्हणजे इंजिनावरच्या लांब झाकणाच्या, दारांच्या फटी ओढताना, केबिनच्या खिडकीचा कोपरा चार वेळा कानशीनं घासताना मी त्या इंजिनाकडे जितकं बघितलं, तितकं लहानपणी रोज फाटकावर उभा राहूनही बघितलं नव्हतं.

बॉडी प्लॅस्टिकार्डची, म्हणजे मॉडेलसाठीच्या पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याची, आहे. भिंती एक मिलिमीटरच्या, दारं अर्ध्या मिलिमीटरची, वरून चिकटवलेली. स्टीलची पट्टी, नवं ब्लेड, तीन हलके ओरखडे आणि मग मोडायचं. एकाच जोराच्या कापात ब्लेड पळतं. यावर जास्त लिहीत नाही, पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे.

वजनाबद्दल मात्र लिहायलाच हवं. रिकाम्या हूडमध्ये शिसं भरायचं होतं. मडगावला जाळ्यांचं सामान विकणाऱ्याकडे शिशाच्या बारीक गोळ्या मिळाल्या. त्या पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदात कधीही बसवू नका. शिसं आणि तो गोंद मिळून काही वर्षांत फुगतात आणि बॉडी आतून फाडतात. मी इपॉक्सीत बसवल्या. हात साबणानं धुतले, आणि ते टेबल त्या दिवसापुरतं चहाला वर्ज्य.

आता रंग. इथे माझे तीन महिने गेले.

जुलैत मला धीर धरवला नाही. खोलीतला आर्द्रतामापक ९२ दाखवत होता, तरी एअरब्रश काढला आणि लॅकरचा मरून रंग मारला. पाच मिनिटांत पूर्ण हूडवर दुधाळ साय आली. कारण साधं आहे: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावरच जमते. शिवाय कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साठलं होतं, त्याचे दोन थेंब थेट केबिनवर आले. सगळं खरवडून काढलं.

चवथीचे दिवस जवळ येत होते. आमच्या वाड्यावर गणपतीची चित्रशाळा आहे. तिथे दरवर्षी याच ओल्या हवेत चिकणमातीच्या मूर्ती रंगतात आणि रंग काचेसारखा नितळ बसतो. सरळ जाऊन तिथल्या मूर्तिकार काकांना विचारलं. ते एका मूर्तीच्या पितांबराला सोनेरी काठ ओढत होते. हात न थांबवता म्हणाले, "रंगाचं नंतर बघ रे बाबा. आधी वस्तूतली ओल काढ, मग हवेतली." मागे पत्र्याच्या आडोशाला साध्या पिवळ्या बल्बांखाली मूर्ती रांगेनं शेकत होत्या.

घरी येऊन खोक्यात दोन बल्ब लावले. पहिल्याच दिवशी छप्पर बल्बाच्या फार जवळ राहिलं आणि मधोमध वाकलं. माती उष्णता सोसते, प्लॅस्टिक नाही. नवं छप्पर कापलं, खोक्यात थर्मामीटर टांगला आणि चाळीस अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. प्रायमर तेवढा चवथीनंतर त्या खोक्यात केला. मुख्य रंग मात्र दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावरच. गोव्यात कापाकापी, जुळणी, घासणं हे पावसाळ्याचं काम आणि रंग थंडीचं. पुढच्या वर्षीपासून कॅलेंडर असंच लावणार आहे.

रंग कुठला, हेही सोपं नव्हतं. आधार होता मामांच्या अल्बममधला एक फोटो. कुळे स्टेशन, इंजिन आणि पुढे पांढऱ्या शर्टात मामा. फोटोत इंजिन जवळजवळ विटकरी दिसतं. तसाच रंग मिसळायला बसलो होतो, तेवढ्यात शर्टाकडे लक्ष गेलं. शर्टही गुलाबीसर झाला होता. जुन्या रंगीत फोटोंत निळसर छटा आधी उडते आणि सगळं तांबूस होत जातं. फोटो मोबाईलवर घेतला, शर्ट पुन्हा पांढरा दिसेपर्यंत रंग मागे ओढला, तेव्हा कुठे खालचा गडद मरून वर आला. मामांना दाखवला तर म्हणाले, "हां, हा रंग. आणि शर्टही तुझ्या मामीनं निळीत घातलेला, असाच होता."

क्रीमचा पट्टा आधी मारला, तीन पातळ हात. दोन दिवसांनी मास्किंग टेप लावून त्याच्या कडेवर पुन्हा क्रीमचाच एक हात फिरवला. टेपखाली जिथे फट असेल तिथे क्रीमच शिरतं आणि फट बुजते. मग मरून. टेप रंग पुरता वाळायच्या आत काढली, स्वतःवरच दुमडत, सावकाश. डावीकडच्या तिसऱ्या दारापाशी श्वास रोखून धरला होता, कारण तिथे बिजागऱ्यांवरून टेप नीट बसली नव्हती. रेघ सरळ निघाली. ती मी भिंग लावून बराच वेळ बघत बसलो.

शेवटी धूळ. सावर्ड्याच्या इंजिनावर लाल धूळ नसेल तर ते सावर्ड्याचं कसलं? रस्त्याकडेची माती आणली, मलमलीतून तीनदा गाळली. वापरण्याआधी वर चुंबक फिरवला, आणि फिरवला ते बरं झालं. चुंबकाला काळी दाढी फुटली. आपल्या भागात लोहखनिजाचे ट्रक वर्षानुवर्षं धावले आहेत. हेमॅटाईट चुंबकाला फारसं चिकटत नाही, पण मॅग्नेटाईटचे कण लगेच धरतात, आणि ते मोटरच्या चुंबकात शिरले तर मोटर गेलीच. दाढी पूर्ण थांबेपर्यंत चुंबक फिरवत राहिलो. उरलेली धूळ मऊ ब्रशनं बोगींवर आणि हूडच्या खालच्या कडेला लावली, आयसोप्रॉपिल अल्कोहोलच्या फवाऱ्यानं बसवली. वर कमी, खाली जास्त. दारांवर हात लागतो तिथे जवळजवळ नाही.

आता परवाची चाचणी. कुळ्यापुढचा घाट ३७ ला १ असा चढतो आणि मालगाड्यांना तिथे आजही मागून इंजिनं लावतात. मी दीड मीटरची फळी एका टोकाला चार सेंटिमीटर उचलली, म्हणजे तोच चढ. एकट्या इंजिनानं चढ सहज घेतला. चार वॅगन लावल्या, घेतल्या. पाचवी लावली आणि फळीच्या मध्यावर चाकं जागच्या जागी फिरू लागली. शिसं आणखी मावणार नाही, हूड भरलं आहे. मागून दुसरं इंजिन लागणार. तशीच आणखी एक जर्मन चासी कुणाकडे पडून असेल तर कळवा. त्याच्या बॉडीची दारं मी कालच कापायला घेतली आहेत.