एका गाळ्यात एकच पदार्थ

पुण्या-मुंबईच्या साध्यासुध्या हॉटेलातलं मेनूकार्ड हल्ली मला वाचवत नाही. आधी डोसे, मग पावभाजी, मग पंजाबी, त्यानंतर चायनीज, आणि शेवटच्या पानावर पिझ्झा नि फालुदा. सुट्टीत गेले की भाऊ हौसेनं बाहेर जेवायला नेतो आणि मी ते कार्ड नुसती चाळत बसते. "एवढं सगळं एका भटारखान्यात धड कसं होईल रे?" म्हटलं, तर तो म्हणाला, "ताई, तू तिकडे राहून बिघडलीयेस." बिघडलेय खरी. सिंगापूरच्या हॉकर सेंटरनं बिघडवलंय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर छप्पर, भिंती नाहीत, एसी नाही, डोक्यावर मोठाले पंखे. मधे जमिनीत पक्की रोवलेली टेबलं आणि स्टुलं, भोवती गाळ्यांच्या रांगा. गाळा केवढा? दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहिली की भरला. त्यात ठेवून ठेवून किती सामान ठेवणार? म्हणून मग एका गाळ्यात एकच पदार्थ, फार तर त्याचेच दोन-तीन प्रकार. चिकन राइसवाला चिकन राइसच विकतो. शेजारचा कोळंबीच्या सुपातल्या नूडल्स, त्याच्या पलीकडचा नुसता पराठा. प्राता म्हणतात इथे, सोबत डाळीची नाहीतर मटणाची आमटी. सकाळी उठून तेच, उद्या तेच, चाळीस वर्षं तेच.

आता एकच पदार्थ करायचा म्हटल्यावर त्यात लपायला जागा राहत नाही. आमच्या तोआ पायोतल्या चिकन राइसवाल्याचंच बघा. अख्खी कोंबडी उकळत्या पाण्यात नाही, उकळीच्या जरा खाली ठेवलेल्या पाण्यात शिजवतो. शिजली की थेट बर्फाच्या पाण्यात. त्यानं कातडी आवळते आणि कातडीखाली रसाचा पातळ थर धरतो. तांदूळ आधी कोंबडीच्या चरबीत आलं-लसूण घालून परततो, मग त्याच उकडलेल्या पाण्यात शिजवतो, वर पंदनच्या पानांची गाठ टाकून. (कोकणात काही जणांच्या परसात हे झाड असतं, भाताच्या आधणात पान टाकतात.) सोबत काकडीच्या चकत्या, लिंबू पिळलेली लाल मिरचीची चटणी आणि काळा दाट सोया सॉस. ताटलीत डोळ्यांत भरेल असं काहीही नाही. पांढरा भात, पांढरी कोंबडी. पहिल्यांदा आलेले पाहुणे विचारतात, "हे आजाऱ्याचं जेवण आहे का गं?" मी म्हणते, आधी नुसता भात खाऊन बघा.

पण मला त्या एका पदार्थाइतकंच टेबलाचंही कौतुक आहे. गाळे शंभर असले तरी टेबल कुणाचंच नाही. नवरा नूडल्स घेऊन येतो, मुलगा चिकन राइस, मी चाय तो क्वे (तव्यावर परतलेली मुळ्याची वडी), आणि सगळे एकाच टेबलावर जेवतो. "तुम्ही आमच्याकडे ऑर्डर नाही दिली, उठा" असं म्हणायला कुणी येत नाही. गर्दीच्या वेळी आधी टेबल धरायचं, मग रांगेत लागायचं. टेबल धरायचं कसं, तर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवून. कुणी छत्री ठेवतं, ऑफिसवाले गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा ठेवून जातात. पाकीट दिसलं की सिंगापुरी माणूस मुकाट्यानं पुढे सरकतो. मी मात्र सकाळी अकरालाच जाते आणि ही सगळी भानगड टाळते.

या टेबलाची खरी परीक्षा सासूबाई आल्या तेव्हा झाली. आई चिपळूणच्या. मासे जीव की प्राण, पण सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि घरातलं काही ना काही, असे निम्मे दिवस शाकाहारी. त्यातून बाहेरचं खाणं म्हणजे पोट बिघडायचं निमित्त, हे त्यांचं पक्कं मत. पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "चमचा मिळतो ना गं? की त्या काड्यांनीच?" चमचा सगळीकडे मिळतो.

सोमवारी त्यांना शाकाहारी गाळ्यावर नेलं. बहुतेक सेंटरांत असा एक तरी बौद्ध पद्धतीचा गाळा असतो, आणि तिथे कांदा-लसूणही नसतो. सकाळी तांदळाच्या बारीक शेवया परतलेल्या असतात, त्यावर कोबी, तळलेलं टोफू, आणि गव्हातल्या चिकटाचे लालसर, मांसासारखे दिसणारे काप. कांदा-लसूण नाही म्हटल्यावर आईंचा चेहरा खुलला. काप बघून परत पडला. "शाकाहारी आहे ना? मग मटणासारखं दिसायची एवढी हौस कशाला?" काप त्यांनी कडेला सारले, शेवया मात्र चाटून-पुसून खाल्ल्या. पुढे सोमवार-गुरुवारचा नाश्ता तिथेच ठरला. गाळेवालीला मँडरिन येतं, आईंना मराठी. दोघी बोटांनी व्यवहार करायच्या. आई कढईतल्या कोबीकडे बोट दाखवायच्या, गाळेवाली आणखी एक पळी वाढायची.

मग एके दिवशी त्या गाळ्यावर ही लांब रांग. मला वाटलं, शेजारचा गाळा बंद असेल. रांगेत उभ्या उभ्या आई म्हणाल्या, "आज पौर्णिमा ना." माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. चिनी महिना अमावास्येला सुरू होतो, त्यामुळे त्यांची पंधरावी तिथी आपल्या पौर्णिमेच्या आसपास पडते. श्रद्धाळू बौद्ध आणि ताओ लोक पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात. आई येताना बॅगेत कालनिर्णय घेऊन आल्या होत्या. त्यानंतर आदल्या रात्रीच सूचना यायची, "उद्या अमावास्या. सातच्या आत गेलीस तर मिळेल." कधी एखाद्या दिवसाचा फरक पडायचा, पण ऐंशी टक्के वेळा रांग बरोबर सापडायची. मी या शहरात इतकी वर्षं राहते, माझ्या हे कधी ध्यानातही आलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी त्यांना पाकट खायला घातलं. इथे पाकटाचा भला मोठा तुकडा केळीच्या पानावर ठेवून तव्यावर भाजतात आणि त्यावर संबलचा जाड लेप देतात. लाल मिरच्या, छोटे कांदे आणि बलाचान. बलाचान म्हणजे बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, कुटून, वाळवून केलेली वडी. तव्यावर पडली की जो वास सुटतो तो आमच्या बिल्डिंगमधल्या एका दिल्लीच्या बाईंना सहन होत नाही. आईंनी नाक वर केलं, लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "जवळा." मग लिंबू पिळून, चमचा बाजूला ठेवून, हातानं सुरुवात केली. पाकटाला काटे नाहीत, नुसती पंख्यासारखी कूर्चा, त्यावरून मांस अलगद ओढून काढायचं. हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पैसे किती झाले ते विचारलं, मी बारा-पंधरा डॉलर म्हटल्यावर हात थांबला. "पाकटाचे? आमच्याकडे कोळणी हे शेवटी उरलं की देतात!" इथेही पूर्वी पाकट हलकीच मासळी समजत. संबल लावून भाजायला लागले आणि भाव चढला.

गोडाबाबतीत मात्र त्या सिंगापूरला पास करायला तयार नव्हत्या. पुतू पिरिंग म्हणून एक मलाय प्रकार मिळतो. तांदळाच्या पिठीच्या चपट्या वड्या, आत ताडगूळ, वाफवलेल्या, पंदनच्या पानावर काढलेल्या, सोबत मीठ लावलेलं ओलं खोबरं. त्यांनी एक खाऊन बघितली. "मोदकच आहे, पण खोबरं बाहेर का ठेवलंय? आत गेलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं म्हणत चार खाल्ल्या.

कॉफीबद्दल लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल, म्हणून थोडक्यात. बिया साखर आणि मार्जरीन घालून काळ्याभोर भाजतात, कापडाच्या लांब पिशवीतून गाळतात. नुसतं 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली येते. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची, साखर घालून. 'कोपी सी' म्हणजे आटीव दूध आणि साखर. साखर नको असेल तर पुढे 'कोसोंग', कमी हवी तर 'सिव दाय', बर्फ हवा तर 'पेंग'. काउंटरवरचा काका मान वर करत नाही, तुम्ही एका दमात म्हणायचं, तो एका दमात आत ओरडतो. हो, काकाच. इथे गाळ्यावरच्या प्रत्येक वयस्कर माणसाला अंकल आणि बाईला आंटी म्हणायची रीत आहे.

हे सगळं आधी रस्त्यावर होतं. 1968-69 मध्ये सरकारनं रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची सरसकट नोंदणी केली, मग पाणी, गटार, वीज असलेली सेंटरं बांधत गेले आणि 1986 पर्यंत सगळ्यांना रस्त्यावरून आत आणलं. आता अशी 110 च्या वर सेंटरं आहेत. प्रत्येक जण काही खुशीनं आत गेला नसणार, पण गाड्यावरचा माणूस हाकलला नाही, त्याला नळ दिला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पथविक्रेत्यांचा कायदा 2014 साली झाला. दादर स्टेशनबाहेर पालिकेची गाडी आली की अजूनही टोपल्या उचलून पळापळ होते, ते बघितलं की माझा जीव तुटतो. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोनं सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच्या आधी 2016 मध्ये मिशेलिननं, म्हणजे उत्तम हॉटेलांना तारे देणाऱ्या नावाजलेल्या गाइडनं, इथल्या दोन गाळ्यांना तारा दिला होता. त्यातला एक चायनाटाउन कॉम्प्लेक्समधला, सोया सॉसमधल्या कोंबडीचा, जिथे ताटली दोन डॉलरला मिळायची. दुसऱ्या दिवसापासून तिथे काय रांग लागली असेल ते सांगायला नको.

वारसा म्हटलं की मला आमचा चाय तो क्वेवाला अंकल आठवतो. पांढरा मुळा किसून तांदळाच्या पिठात घालून वाफवलेली वडी, ती तव्यावर उलथन्याच्या धारेनंच तोडायची, खारवलेल्या मुळ्याचा चुरा टाकायचा, वरून अंडं फोडून पसरायचं. कडा जाळीदार कुरकुरीत होईपर्यंत हात लावायचा नाही. मग हवा तर गोडसर काळा सॉस, नको तर पांढराच. तो कडेला उभा राहून वाट बघायचा, घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचासुद्धा नाही. पहाटे चारला येऊन वड्या वाफवायचा. इथे हॉकर मंडळींचं वय साठीच्या घरात आहे, आणि याचं तर सत्तरीपुढचं. मुलगा इंजिनिअर. "त्याला एसी पाहिजे," एवढंच तो मला म्हणाला होता, तक्रार म्हणून नाही. गेल्या वर्षी गाळा बंद झाला. त्या जागी आता एक तरुण जोडपं आलंय, मेहनती आहेत बिचारे. पण वर बारा फोटो लावलेत. पास्ता, करी, बर्गर, थाई भात. मी एकदा पास्ता घेतला. नवऱ्यानं विचारलं कसा आहे, मी म्हटलं, ठीक आहे.

त्यांना तरी बोल कसा लावू? चार-पाच डॉलरच्या वर ताटली गेली की आम्हीच कुरकुर करतो. तीच माणसं मॉलमध्ये आठ डॉलरची कॉफी पितात. चांगलं जेवण स्वस्तच मिळालं पाहिजे, असं आम्ही गृहीत धरलंय, आणि एकच पदार्थ चाळीस वर्षं घोटायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न पुढच्यावर ढकललाय.

पुढच्या महिन्यात येणाऱ्या मंडळींनी विचारलंय म्हणून चार गोष्टी. सोमवारी बरेच गाळे बंद असतात, नावाजलेल्या गाळ्यासाठी मुद्दाम जाणार असाल तर दुसरा वार धरा. नावाजलेला माल दुपारी दोनपर्यंत संपतोही. भात आणि काचेमागच्या भाज्यांकडे बोट दाखवून घ्यायचा जो गाळा असतो, तिथे दर लिहिलेला असेलच असं नाही. आंटी ताटलीकडे एक नजर टाकते आणि आकडा सांगते, वाद घालू नका, बहुधा वाजवीच असतो. साते (काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं मांस) खायची तर लाउ पा सात नावाच्या सेंटरला संध्याकाळी सातनंतर, तेव्हा बाजूचा रस्ता बंद करून शेगड्या मांडतात. मोठे खेकडे-मासे वजनावर असतील तर आधी किलोचा भाव विचारा, मग बोट दाखवा. आणि जेवण झालं की ताट उचलून जागेवर नेऊन ठेवायचं, हलालचा रॅक वेगळा आणि बाकीचा वेगळा. सप्टेंबर 2021 पासून तसा नियमच आहे, पहिल्यांदा समज देतात, नंतर दंड. आईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "यात नियम कसला करायचा? जेवल्यावर ताट उचलायचंच असतं." आणि माझ्या मुलाकडे बघितलं. त्यानं उचललं.