रात्रीच्या मुक्कामाचं गाणं

वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकाच्या पायऱ्या चढताना सगळ्यांची नजर वर असते. मी खाली बघत चढत होते. पुतळ्यापासून १८ पायऱ्या खाली, २००३ मध्ये दगडात कोरलेली अक्षरं मला शोधायची होती. २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग तिथे उभे राहून बोलले. सकाळचे साडेसहा वाजले होते. पळायला आलेली दोन-चार माणसं, समोर तो लांबलचक तलाव, टोकाला वॉशिंग्टनचा स्तंभ. त्या दिवशी इथे सुमारे अडीच लाख माणसं जमली होती. मी त्या अक्षरांशेजारी बसले आणि ते सतरा मिनिटांचं भाषण फोनवर पहिल्यापासून ऐकलं.

स्वप्नाचा भाग आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. लिहून आणलेल्या मजकुरात तो नव्हता. डेट्रॉइटमध्ये जूनमध्येच किंग यांनी तो बोलून दाखवला होता, इथे मागे बसलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी आवाज दिला, "मार्टिन, त्यांना ते स्वप्न सांग!" आणि किंग यांनी कागद बाजूला सारला. पण त्याआधी एक वाक्य येतं, त्यापाशी मी थांबले. प्रवासानं शिणलेल्या आमच्या देहांना हमरस्त्यावरच्या मोटेलांत आणि शहरांतल्या हॉटेलांत उतरायला जागा मिळत नाही, तोवर आमचं समाधान होणार नाही, असं ते म्हणतात. एवढ्या मोठ्या भाषणात मोटेल! दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी, इतकी साधी मागणी. ते वाक्य डोक्यात घेऊनच मी घरी परतले.

आम्ही डॅलसजवळ राहतो. दोन महिन्यांनी एका शुक्रवारी मी आणि नवरा गाडी काढून लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला निघालो. हायवे २० धरला की सरळ पूर्वेला तीनेक तास. टायलर मागे पडलं की पाइनची झाडी दाट होत जाते. गाडीत सॅम कुक या काळ्या अमेरिकन गायकाचं 'अ चेंज इज गॉना कम' लावलं होतं. नदीकाठी जन्मल्याच्या आठवणीनं ते सुरू होतं आणि बदल येणार, यायला वेळ लागला तरी येणार, असं सांगत राहतं. ते गाणं जन्माला यायला कारण झालेल्या गावी मला एक रात्र राहायचं होतं.

सॅम कुक तेव्हा ३२ वर्षांचा होता. चर्चमधून आलेला आवाज, गोड प्रेमगीतं, काळ्यागोऱ्या दोघांच्याही रेडिओवर वाजणारा माणूस. किंग यांचं ते भाषण झालं त्या मोर्चात पीटर, पॉल अँड मेरी या गायक त्रयीनं बॉब डिलनचं 'ब्लोइन इन द विंड' गायलं होतं. ते गाणं कुकच्या जिव्हारी लागलं. एका गोऱ्या पोरानं हे लिहावं आणि आपण लिहू नये, याची त्याला लाज वाटली. त्या जूनमध्येच त्याचा दीड वर्षाचा मुलगा बुडून गेला होता.

८ ऑक्टोबर १९६३. भाषणाला एक्केचाळीस दिवस झाले होते. कुकनं श्रीव्हपोर्टच्या हॉलिडे इनमध्ये फोन करून खोल्या राखून ठेवल्या होत्या. काउंटरवरच्या माणसानं त्यांच्याकडे बघितलं आणि खोली नाही म्हणाला. कुक हटेना. बायको बार्बरा विनवत होती, चल, हे लोक तुला मारून टाकतील. तो म्हणाला, "मला नाही मारणार, मी सॅम कुक आहे." शेवटी ते हॉर्न वाजवत निघाले आणि स्प्रेग स्ट्रीटवरच्या, काळ्यांच्या वस्तीतल्या मोटेलवर पोचले. तिथे पोलीस वाट बघत होते. शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक झाली.

आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. काउंटरवर एक गुजराती काका होते. लायसन्स बघितलं, "इंडिया में कहाँ से?" विचारलं, सांगलीचं नाव ऐकून हसले, किल्ली दिली. दोन मिनिटं लागली असतील. खोलीत बॅग ठेवल्यावर मला एकदम बडोदा आठवलं. १९१७ साली, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर तिथे नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना उतरायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेवजा जागेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिना चढून आले आणि त्यांना बाहेर काढलं. पुढचे काही तास त्यांनी बागेत बसून काढले, रडत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मुंबईत मणिभवनात १९५९ साली किंग मुक्कामाला होते. केरळमधल्या एका शाळेत आपली ओळख 'अमेरिकेतले आपले अस्पृश्य बांधव' अशी करून दिली गेली, असं ते पुढे सांगत. आधी त्यांना ते लागलं, मग पटलं. त्या रात्री मला झोप लागायला उशीर झाला.

गाणं ३० जानेवारी १९६४ ला हॉलिवुडमध्ये ध्वनिमुद्रित झालं. मागे व्हायोलिनं, फ्रेंच हॉर्न, नगारे; एखाद्या मिरवणुकीसारखं ते चालत येतं. तरुण गायक-गिटारवादक बॉबी वोमॅकला ते ऐकून मृत्यूची आठवण झाली होती. ७ फेब्रुवारीला कुकनं ते टीव्हीवर गायलं. त्यानंतर जाहीरपणे पुन्हा कधी नाही. जुलैमध्ये नागरी हक्क कायदा आला आणि हॉटेल-मोटेलातला भेदभाव बेकायदा ठरला. ११ डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलात गोळी लागून कुक गेला. तीनच दिवसांनी अटलांटातल्या एका मोटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला, आणि २२ तारखेला हे गाणं सिंगल म्हणून बाजारात आलं. किंग यांनाही १९६८ साली मेंफिसच्या मोटेलातच, सज्जात उभे असताना गोळी लागली.

सकाळी आम्ही रेड रिव्हरच्या काठानं चाललो. पाणी खरंच तांबूस, संथ. २०१९ मध्ये या शहराच्या महापौरांनी कुकच्या मुलीच्या हाती शहराची किल्ली देऊन माफी मागितली. छप्पन्न वर्षांनी. मला ते उशिराचं म्हणून कमी वाटलं नाही. जिनं ती स्वीकारली तिच्यासाठी मन भरून आलं.

परतताना नवऱ्यानं अल्बममधलं गाणं लावलं. सिंगलमधून एक कडवं कापलं होतं: सिनेमाला जातो, गावात जातो, तर कुणीतरी सांगतं इथे घुटमळू नकोस. आम्ही दोघांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. वॅस्कमची पाटी आली, टेक्सास सुरू झालं. त्यानं न विचारता ते कडवं मागे नेऊन पुन्हा लावलं.