आमची वाटचाल: जुनी वाळू, नवी टाकी

माशांच्या टाक्यांचा धंदा सुरू झाला तो दोन बादल्या, सायफनची नळी आणि मावसभावाची स्कूटर यांच्या जोरावर. ठाण्यातल्या दवाखान्यांमधले गोल्डफिशचे टँक आम्ही महिन्यातून दोनदा साफ करून द्यायचो, मासे कुर्ल्याहून आणायचो. पैसे बरे सुटायचे. खाऱ्या पाण्याकडे वळलो ते एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी. ते शिकण्यात दोन वर्षं आणि बायकोच्या दोन बांगड्या गेल्या. त्यावर जास्त बोलत नाही.

आमचं नाव झालं ते मात्र जमलेला रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळांचा) खाऱ्या पाण्याचा टँक, मोठ्या टाकीत हलवण्याच्या कामात. आणि त्याची सुरुवातच वाईट झाली. एका गिऱ्हाइकाचा चार वर्षं जमलेला चार फुटी टँक सहा फुटीत न्यायचा होता. मुरलेला टँक, म्हणजे त्याची वाळूही मोलाची, असं समजून मी ती सगळी नव्या टाकीत ओतली. तळाचा थर काळा होता, नासक्या अंड्यासारखा वास आला, तरी डोक्यात उजेड पडला नाही. वर्षानुवर्षं दबलेली घाण पाण्यात मिसळली, अमोनिया चढला. खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या वर, त्यात अमोनिया आणखी जहरी. सकाळपर्यंत दोन टँग मासे आणि क्लाउन माशांची जोडी गेली. मासे मी भरून दिले, पण नंतर गेलो तेव्हा त्या गिऱ्हाइकाच्या धाकट्या मुलीने मला बघून दार लावून घेतलं.

तेव्हापासून जुनी वाळू जुन्याच टाकीत राहते. नव्या टाकीत नवी, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली वाळू घालतो. अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंचं खरं घर लाइव्ह रॉकमध्ये, म्हणजे टाकीतल्या सच्छिद्र दगडांमध्ये. दगड पाण्याखाली ठेवले की मोठी चिंता मिटते.

६ बाय २ बाय २ फुटांची टाकी काठोकाठ ६८० लिटरची. जुन्यातलं वरचं स्वच्छ पाणी दोनशे लिटर मिळतं. बाकीच्यासाठी आरओचं पाणी आणि लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने सोळा-सतरा किलो मीठ, आदल्या दिवशीच बॅरलमध्ये कालवून पंप चालू ठेवायचा. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आणि तापमान २५-२६ अंशांवर आल्याशिवाय पोरांना जुन्या टाकीत हात घालू देत नाही. आधी कोरल, मग दगड, मासे शेवटी. दगड असताना मासा पकडायला जाल तर दुपार वाया जाईल आणि मासाही दमेल. अ‍ॅनिमोन (पायाने दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा समुद्री जीव) दगडासकट उचलायचा. ओढला तर त्याचा पाय फाटतो. नवे दिवे पहिले काही आठवडे मंदच ठेवतो. गिऱ्हाईक कुरकुर करतं, कोरल करत नाही.

कोरलवरून आठवलं. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे समुद्रातून काढायला बंदी. 'दादा, आमच्या ओळखीचा कोळी आणून देईल' म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांचं काम आम्ही घेत नाही. आमच्याकडे मऊ प्रवाळच: मश्रूम, झोअँथिड, लेदर कोरल, तेही आयातीचे कागद असतील तरच. यात दोन मोठी कामं हातची गेली, गेली तर गेली.

आता आम्ही चौघे आहोत, टेम्पो स्वतःचा आहे, चिलर (टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र) दुरुस्त करणारा मुलगाही आमच्याकडेच शिकला. नौपाड्यातल्या काकूंचा सहा फुटी टँक हलवला तेव्हा लिफ्टमध्ये टाकी मावली नाही. नुसती काचच सव्वाशे किलोच्या आसपास. चार मजले जिन्याने, आठ माणसं, आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी 'थांबा, थांबा' ओरडणार. संध्याकाळी त्यांचा रास जातीचा मासा दिसेना म्हणून काकूंनी तीनदा फोन केला. तो वाळूत झोपला होता.

काकूंना आता आठ फुटी हवी आहे. हो म्हणण्याआधी टेप घेऊन त्यांचा जिना पुन्हा मोजून आलोय.