व्हिस्की सॉवर आणि वरचा तो लाल थर

न्यूयॉर्क सॉवर म्हणजे साधा व्हिस्की सॉवरच (व्हिस्की, लिंबू, साखरेचं कॉकटेल), फक्त वर रेड वाईनचा थर. नाव न्यूयॉर्कचं, पण १८८० च्या दशकात शिकागोच्या एका बारटेंडरनं पहिल्यांदा केला असं सांगतात. आमच्या संभाजीनगरात ज्याला विचारावं तो म्हणतो वाईन फोटोसाठी घालतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण ती चवीसाठीच आहे, पहिला घोट वाईनमधूनच येतो, कोरडा (म्हणजे बिनगोड) अन् जरा तुरट, आणि मग मागून लिंबू साखर व्हिस्की सगळं एकदम येतं, तो जो फरक आहे ना तोच तर या ड्रिंकचा जीव आहे.

माझं माप: ६० मिली बर्बन (अमेरिकन व्हिस्की), २० मिली लिंबाचा रस, २५ मिली पाक, १५ मिली वाईन. परदेशी रेसिपीत रस जास्त असतो पण तो त्यांच्या मोठ्या पिवळ्या लिंबाचा, आपलं कागदी लिंबू लई तेज. पाकाला तार-बिर काही नको, साखर आणि गरम पाणी सारखंच घ्यायचं, विरघळली की झालं. बर्बनमधी निम्म्याहून जास्त मका असतो म्हणून ती मुळात गोडसर, धुरकट स्कॉच इथं चालत नाही. अंड्याचा पांढरा भाग घालणार असाल तर आधी बर्फाशिवाय जोरात हलवा, फेस धरला की मग बर्फ टाकून परत हलवायचं. शाकाहारी मंडळी असतील तर अंडं सोडा, काही अडत नाही.

आता थर. बर्फ भरलेल्या ग्लासात गाळून घ्या, चमचा उलटा धरा अन् त्याच्या पाठीवरून वाईन अगदी हळू सोडा. खालच्या सॉवरमधी साखर असते म्हणून तो जड, कोरडी वाईन हलकी, म्हणून ती वर राहते. आता कळलं का पाकात कंजुषी कामून करायची नाही? आणि याच कारणानं गोड पोर्ट वाईन इथं घेऊच नका, तिच्यातच एवढी साखर की सरळ खाली उतरते आणि सगळं गढूळ. नाशिकची कोरडी शिराज (ही एक रेड वाईन) मस्त बसते.

स्ट्रॉ नको, ढवळू तर बिलकुल नका.

वाईन ३७५ मिलीची छोटी बाटलीच आणा, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडी बाटली बाहेर राहिली की आंबलीच समजा, बूच लावून फ्रीजमधी ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.