कुयामाची अकरा मिनिटं

रविवार, रात्री साडेअकरा

जेवणं उरकल्यावर दिवा घालवला, हेडफोन लावले आणि इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या ब्रिटिश रॉक बँडचा 'ईएलओ २' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. १९७३चा अल्बम. गाणी पाचच, पण एकही साडेसहा मिनिटांच्या आत आटोपत नाही.

नावात ऑर्केस्ट्रा असला तरी गजानं वाजणारी वाद्यं इथे मुख्यतः तीनच आहेत: विल्फ्रेड गिब्सनचं व्हायोलिन आणि दोन चेलो, म्हणजे व्हायोलिनची मोठी, खर्जातली भावंडं. बँड उभा करणारा रॉय वूड रेकॉर्डिंग चालू असतानाच बाहेर पडला होता. सगळा भार त्याच्या साथीदारावर, बर्मिंगहॅमच्या जेफ लिनवर आला. मला तो भार ऐकू येतो. चेलो गोड वाजत नाहीत, खरखरतात. गज तारेवर घासल्याचा आवाज तसाच ठेवलाय. पुढच्या अल्बमांतला गुळगुळीतपणा मला आवडतो, पण जीव जडलाय तो या खरखरीवर.

'रोल ओव्हर बीथोव्हन' सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकन रॉक-अँड-रोल गायक चक बेरीचं गाणं, आणि सुरुवातीला खुद्द बीथोव्हनची पाचवी सिंफनी. मजा येते. पण मी थांबतो ते शेवटच्या 'कुयामा'साठी.

अकरा मिनिटांहून मोठं गाणं. युद्धात अनाथ झालेली एक मुलगी आणि तिची समजूत घालू पाहणारा एक सैनिक. तिच्या आईवडिलांना मारणारा तोच आहे आणि ते त्याला तिला सांगायचंय. इतकी वर्षं मी या गाण्याला लांबलेलं म्हणत होतो. आज वाटलं, एवढं सांगायला माणसाला वेळ लागणारच. तीन मिनिटांत कोण सांगू शकेल? विलंबित ख्यालात गवई समेवर यायची घाई करत नाही तेव्हा आपण त्याला लांबण म्हणत नाही. मग इथेच का म्हणत होतो? मधे शब्द थांबतात, व्हायोलिन पुढे होतं, आणि मला तर तो सैनिक धीर गोळा करत बसलाय असंच दिसत राहिलं. सगळ्यात मोठी जागा लिननं या कबुलीला दिली, याबद्दल त्याचे खरंच आभार मानावेसे वाटतात.

गाणं संपलं तरी हेडफोन काढले नाहीत. आतल्या खोलीत लेक झोपेत कूस बदलत होती. उठून तिचं पांघरूण नीट केलं, आणि परत येऊन 'कुयामा' पुन्हा लावलं.